पेडल हळूहळू खाली जात होतं – ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ब्रेकवाल्या गॅरेजचा अनुभव

ब्रेकचं काम असेल तर या गॅरेजला बिनधास्त गाडी द्या. का ते जरा सविस्तर लिहिते, कारण ब्रेकच्या बाबतीत नुसतं "मस्त सर्व्हिस" लिहून कोणाचा काही फायदा नाही. वागळे इस्टेटमध्ये आतल्या गल्लीत आहे, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढा गाळा, पाटीवर ब्रेक, क्लच, बूस्टर एवढंच लिहिलंय आणि खरंच तेवढंच करतात, डेंटिंग पेंटिंग एसी काही विचारू नका.

आमच्या गाडीचा प्रॉब्लेम असा की चालत्या गाडीत ब्रेक व्यवस्थित लागायचा, पण सिग्नलला पाय ठेवून थांबलं की पेडल सावकाश खाली खाली जायचं. माजिवड्याला किती वेळ उभं राहावं लागतं माहितीये ना, तिथे तर पार मॅटला टेकायला यायचं आणि गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे लगेच पुढे सरकायला लागायची. सोडून परत दाबलं की पुन्हा वर! नेहमीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवली तर तिथल्या मुलाने एकदा कचकन दाबून बघितलं, "नॉर्मल आहे मॅडम" म्हणाला आणि वर पुढच्या डिस्क-पॅड बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. अहो पॅड झिजले तर आवाज येईल, टाकीतली ब्रेक ऑइलची लेव्हल थोडी उतरेल, पण दाबून धरलेलं पेडल असं सरकत जाईल का?

इथल्या काकांनी आधी मलाच सीटवर बसवलं. "ताई, जोरात नको, सिग्नलला ठेवता तसा हलका पाय ठेवा." जोरात दाबलं की प्रेशरने मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) आतल्या रबराच्या कडा घट्ट चिकटतात आणि फॉल्ट लपतो, हलक्या दाबाला मात्र झिजलेल्या कडेवरून ऑइल मागे सरकतं, म्हणून. मग इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत मारायला लावलं आणि पाय तसाच ठेवून स्टार्ट. पेडल थोडंसं खाली जाऊन थांबलं तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, चांगला, एवढं खाली जाणं नॉर्मलच असतं, उगाच घाबरायचं नाही. आमचं खाली गेलं आणि थांबलंच नाही, जातच राहिलं.

तरी त्यांनी लगेच "मास्टर गेला" असं म्हटलं नाही हे मला फार आवडलं. चारही चाकं उघडली, मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबर पेचकसने उचलून आत ओलं आहे का बघितलं, होज म्हणजे रबरी नळ्या, पाइप सगळं बघितलं, मग मास्टर सिलिंडर बूस्टरपासून थोडा सैल करून मागे टॉर्च मारला, कारण तिथून गळलं तर ऑइल बूस्टरमध्ये जातं आणि बाहेर थेंबसुद्धा दिसत नाही. सगळं कोरडं, टाकीतली लेव्हलही जिथल्या तिथे. आणि मग खरी टेस्ट. मास्टरचे दोन्ही पाइप काढून त्या जागी बंद बोल्ट आवळले आणि म्हणाले आता दाबा. आता पेडल दगडासारखं राहिलं असतं तर दोष पुढे, म्हणजे होजमध्ये, चाकात किंवा एबीएस युनिटमध्ये. पण ते आरामात खाली गेलं! "ऑइलला बाहेर जायला जागाच नाही, तरी बसतंय, म्हणजे मास्टर आतल्या आत बायपास मारतोय, ऑइल रबरावरून मागे सोडतोय." माझ्या स्वतःच्या पायाला कळलं ते, कोणी सांगून पटवायची गरजच राहिली नाही. पाच स्टार याच्यासाठी.

नुसतं रबर किट टाकून स्वस्तात होईल का असं मी विचारलं, तर जुना मास्टर खोलून दाखवला. रबराची एक कड चपटी झालेली आणि सिलिंडरच्या आत बारीक रेघ, नख फिरवलं की अडकत होतं. अशात नवीन रबर टाकलं तरी तेही लवकर खराब होणार, म्हणून पूर्ण नवीनच घ्या म्हणाले. पार्ट दुसऱ्या दिवशी येणार होता, पण तोपर्यंत गाडी न्यायची नाही, इथेच राहू दे असं स्पष्ट सांगितलं.

नवीन मास्टर आधी वाइसमध्ये धरून, नळ्या परत टाकीत सोडून, बुडबुडे बंद होईपर्यंत हवा काढली, मगच गाडीत बसवला. मग चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, पोरगा आत पेडलवर आणि काका खाली हवा सोडायच्या निपलला, "मार, मार, धर!" चालू. ऑइल माझ्यासमोर सील तोडून, डॉट ४ ग्रेडचं. ताज्या डॉट ४ चा उकळबिंदू कमीत कमी २३० डिग्री आणि हवेतलं पाणी शोषलेल्याचा १५५, म्हणून उघडून ठेवलेली बाटली ते वापरतच नाहीत. थोडं ऑइल फेंडरवर सांडलं तर हातातलं काम सोडून आधी पाणी ओतलं, कारण ते रंग उचलतं. ट्रायल आधी गल्लीतच, मग उपवनला सपाटीवर आणि शेवटी येऊरच्या उतारावर, मला शेजारी बसवून. आता पेडल जिथे धरलं तिथे राहतं.

खर्च सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटच्या निम्म्याहूनही कमी आला, जुना पार्ट परत दिला आणि बिलावर पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली.

तक्रारी पण आहेत. बसायला जागा नाही, गल्लीत पार्किंगची बोंब, काम चालू असताना फोन उचलत नाहीत आणि रविवारी बंद. एक स्टार त्याचा कापायला हवा खरं तर, पण नाही कापत. सकाळी दुकान उघडता उघडता जा, संध्याकाळी गेलात तर एवढं सगळं तपासायला त्यांना वेळ नसतो. आणि पेडल असं बसत असेल तर घोडबंदरवरून चालवत आणू नका प्लीज, इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स असेल तर टो करून घ्या, गल्लीच्या तोंडापर्यंत टोवाला येतो.