गळ्याला लावून बोलायचं मशीन, 11 महिने वापरल्यावर (आणि त्याच्या झाकणाविषयी)

या मशीनला इलेक्ट्रोलॅरिंक्स म्हणतात. मानेला टेकवून बटण दाबलं की ते थरथरतं, ती गुणगुण आत तोंडात पोचते आणि ओठ-जीभ हलवून तिचे शब्द करायचे. माझं स्वरयंत्र काढलंय, गळ्याला भोक आहे, श्वास त्यातनंच, रेडिएशनचे 30 शेक झालेत आणि 11 महिने हे मशीन मानेला लावून कराडात किराणा दुकान चालवतोय. लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण आज राग आलाय म्हणून बसलो. कारण झाकण.

सेलचं झाकण हो. अंगठ्याच्या नखाएवढी प्लास्टिकची पट्टी, तिला एक बारकी खुंटी, ती तुटली. 28,000 रुपयाच्या वस्तूची सगळी मदार त्या खुंटीवर. झाकण सैल झालं की सेल हलतो आणि सेल हलला की बोलता बोलता आवाज गायब. परवा एक बाई तूरडाळीचा भाव विचारत होत्या, मी "एकशे" म्हणालो आणि पुढं नुसतं तोंड हलतंय. बाई म्हणाल्या, "शंभरानं देताय का अण्णा? मग दोन किलो द्या." आता काय बोलणार, बोलायचंच तर बंद पडलंय.

सर्व्हिसवाल्यांना फोन करायचा तर तो करणार कोण? सुनेनं केला. पलीकडनं म्हणतात पेशंटशी बोलायला द्या, खात्री करायची आहे. तिनं तीनदा सांगितलं की ते बोलू शकत नाहीत म्हणूनच फोन केलाय. शेवटी कळलं काय तर झाकण सुटं मिळत नाही, पूर्ण बॉडी बदलावी लागेल, 4,500 रुपये, कुरिअर वेगळं, मशीन तीन आठवडे त्यांच्याकडं आणि तोवर दुसरं मशीन मिळणार नाही. म्हणजे तीन आठवडे मुक्यानं दुकान चालवायचं. नाही पाठवलं. कोथिंबिरीच्या जुडीचं रबर लावलं.

रबराचा त्रास नंतर कळला. ते सरकून बटणावर बसतं. प्रीतिसंगमावर एका नातेवाईकाच्या दहाव्याला गेलो होतो, पिंड ठेवलाय, कावळा शिवायची वाट बघत सगळे गप्प उभे, कावळा एक एक पाऊल पुढं येतोय आणि माझ्या खिशात गुंऽऽऽ. कावळा गेला उडून. पाऊण तास परत ऊन खाल्लं सगळ्यांनी, आणि ज्या नजरेनं बघितलं ते मी विसरणार नाही.

बाकी मशीनबद्दल. पहिले दोन महिने मान सुजलेली होती तेव्हा मशीनला नळी जोडून ती तोंडाच्या कोपऱ्यात धरायचो, नळीत लाळ भरायची, नको वाटायचं. नंतर शेकानं मान फळीसारखी कडक झाली, आवाज आत जायचाच नाही. डाव्या जबड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढी एक मऊ जागा सापडली, तिथंच लागतं. एक बोटभर इकडं तिकडं झालं की नुसती भुणभुण.

आणि मराठीला हे मशीन जरा कमीच पडतं बघा. बटण दाबलंय तोवर गुणगुण चालूच, त्यामुळं प चा ब होतो, त चा द, क चा ग. ह तर निघतच नाही, त्याला छातीतली हवा लागते आणि ती गळ्याच्या भोकातनं निघून जाते. मी "पोहे पाव किलो" म्हणायचो आणि लोकांना "बोए बाव गिलो" ऐकू यायचं. स्पीच थेरपीच्या मॅडमनी युक्ती दिली, ओठ मिटून तोंडातल्याच हवेनं प फोडायचा आणि मग बटण दाबायचं. तीन आठवडे आरशासमोर पोहे पोहे करत होतो, आमची ही म्हणाली एकदाचे करून घालू का. जमलं पण. ह अजून नाही.

फोनवर मात्र हाल. सांगलीच्या व्यापाऱ्याला हळदीचा भाव विचारायला फोन केला की नवीन पोरगा रेकॉर्डिंग समजून कट करायचा. आता उचलल्या उचलल्या पहिलं वाक्य ठरलेलं, "माणूस आहे, मशीननं बोलतोय, ठेवू नका." गल्लीतली पोरं मात्र खूष, पाच रुपयाचं चॉकलेट घ्यायचं आणि रोबोटसारखं नाव बोलून दाखवा म्हणायचं. माझी विक्री वाढलीय, खोटं कशाला बोलू.

मशीनऐवजी बोलण्यासाठीचा व्हॉल्व्ह का नाही घेतला, असं विचारतील काही जण. डॉक्टरांनी सांगितला होता, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या भिंतीत बसवतात, आवाज बराच माणसासारखा येतो हे मान्य. पण तो कायमचा नसतो, बुरशी धरते, गळायला लागतो, पाणी पिताना ठसका लागला की बदलायची वेळ आली समजायचं. परदेशी व्हॉल्व्हची किंमत ऐकून मी हात जोडले. बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी 50 रुपयांच्या आसपास पडणारा ओम नावाचा व्हॉल्व्ह काढलाय हे मशीन घेतल्यावर कळलं. आमचं नशीबच असं, भाव उतरतो तो माल भरल्यावर.

वरचं लिहून पंधरा दिवस झाले, पाठवायचं राहिलं होतं, आता थोडं बदलतो. स्टँडजवळच्या मोबाईल रिपेअरवाल्या पोरानं तुटलेल्या खुंटीच्या जागी तापवलेली टाचणी बसवून दिली. पैसे विचारले तर म्हणाला राहू द्या, मी बळंच 50 दिले. झाकण बसतंय, सेल हलत नाही. तेव्हा मशीनला पाचपैकी दोन स्टार देणार होतो ते साडेतीन धरा. अर्धा झाकणाचा कापला, एक ह चा.

दुसरं म्हणजे रबराच्या त्या दिवसांत वैतागून मॅडमनी आधी शिकवलेलं ढेकरेचं बोलणं परत सुरू केलं. हवा घशात ओढायची आणि ढेकर देत शब्द काढायचा. "ताट" येतं, "बाबा" येतं, काल "चहा" बराचसा आला. दोन्ही हात मोकळे राहतात आणि सेल लागत नाही, हे मला जास्त आवडलं. लांब वाक्याला दम पुरत नाही, दुकानात मशीनच पाहिजे.

चहावरनं आठवलं, फुंकर मारता येत नाही आता, तोंडातनं हवाच येत नाही ना. आधी चहा गार व्हायची वाट बघत बसायचो. मग हिनं माळ्यावरची जुनी बशी काढून दिली. काही चौकशी न करता समोर ठेवली, बस.

टाचणी किती दिवस टिकेल सांगता येत नाही. कुणाकडं बंद पडलेलं जुनं मशीन असेल, नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लागणारं, तर त्याचं झाकण तेवढं पाठवा. कुरिअरचे पैसे मी देतो. फोन केलात तर पहिलं वाक्य ऐकून ठेवू नका.