डेट-एफएनएस : तारखांची वजाबाकी सोपवावी अशी लायब्ररी

रजेचा अर्ज, हॉटेलचे बुकिंग, मुदत ठेव, ग्रंथालयाचा दंड अशा कोणत्याही वेब ॲप्लिकेशनमध्ये दोन तारखांमधले दिवस मोजावे लागतात, आणि जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रॅमिंग भाषेत बहुतेक जण ते एकाच रीतीने मोजतात: दोन डेट ऑब्जेक्टची (तारीख-वेळ साठवणाऱ्या घटकांची) वजाबाकी करायची आणि उरलेल्या मिलिसेकंदांना ८,६४,००,००० ने, म्हणजे २४ तासांतल्या मिलिसेकंदांनी, भागायचे. भारतात बसून चाचणी घेतली तर हे गणित सहसा बरोबर येते, कारण ऋतूनुसार घड्याळ मागेपुढे करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ग्राहक अमेरिकेत असला की मात्र या गणिताचे पितळ उघडे पडते. न्यूयॉर्कमध्ये घड्याळ एक तास पुढे केल्यामुळे १० मार्च २०२४ हा दिवस २३ तासांचाच होता. त्यामुळे ५ मार्चच्या मध्यरात्रीपासून १२ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत १६८ ऐवजी १६७ तास भरतात, भागाकार ६.९६ येतो आणि अपूर्णांक सोडून दिला की सात रात्रींचे बिल सहा रात्रींचे होते. नोव्हेंबरमध्ये घड्याळ मागे घेतात तेव्हा याच्या उलट घडते, आणि अपूर्णांक वर नेणाऱ्या कोडमध्ये त्या आठवड्याच्या आठ रात्री लागतात.

डेट-एफएनएस ही एमआयटी या मुक्त परवान्याखाली मोफत मिळणारी लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, या कामासाठी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मोमेंट या जुन्या आणि लोकप्रिय लायब्ररीच्या चमूने सप्टेंबर २०२० मध्येच नव्या प्रकल्पांसाठी दुसरा पर्याय निवडण्याचा सल्ला दिला होता. शिवाय मोमेंटमध्ये एका तारखेत दिवस मिळवले की मूळ ऑब्जेक्टच बदलतो. डेट-एफएनएस मूळ तारखेला हात लावत नाही, आणि जेवढी फंक्शने आपण वापरतो तेवढीच अंतिम फाइलमध्ये जातात.

तिचा खरा गुण असा, की ‘दिवस’ म्हणजे नेमके काय, हे ती तुम्हालाच ठरवायला लावते. डिफरन्स-इन-डेज हे फंक्शन पूर्ण झालेले दिवस मोजते, तर डिफरन्स-इन-कॅलेंडर-डेज हे मध्ये किती वेळा मध्यरात्र उलटली ते मोजते. रात्री ११.५९ ते १२.०१ या दोन मिनिटांसाठी पहिले शून्य देते आणि दुसरे एक. पुस्तक परत करण्याच्या मुदतीला दुसरे हवे, चाचणी-कालावधी संपला का हे पाहायला पहिले. दोन्ही फंक्शने २३ किंवा २५ तासांचा दिवस एकच धरतात. नंतरची तारीख आधी द्यायची, हा क्रम मात्र सुरुवातीला अंगवळणी पडत नाही आणि उलटा दिला की उत्तर मुकाट्याने ऋण येते. दोन्ही टोके धरायची की नाहीत, हेही लायब्ररी ठरवत नाही: १० ते १२ तारखेच्या मुक्कामाच्या रात्री दोन, पण त्याच तारखांची रजा तीन दिवसांची. तो एक आपणच मिळवायचा.

महिने आणि वर्षे हवी असतील तर इंटरव्हल-टू-ड्युरेशन आहे. ३१ जानेवारी ते १ मार्च २०२४ याचे उत्तर ते एक महिना एक दिवस असे देते, कारण ३१ जानेवारीनंतरचा महिना २९ फेब्रुवारीला पूर्ण झाला असे धरले जाते. व्याजाच्या हिशोबात हे तुमच्या ग्राहकाच्या नियमाशी जुळते का, ते आधी विचारून घ्यावे. तिसऱ्या आवृत्तीपासून हे फंक्शन शून्य असलेली एककेच गाळते. परिणामी जुना कोड अद्ययावत केल्यावर वयाच्या रकान्यात ‘३ वर्षे ० महिने’ ऐवजी ‘३ वर्षे अनडिफाइन्ड महिने’ असे झळकू शकते. उत्तर आटोपशीर करण्यासाठी हा बदल केला खरा, पण पडद्यावर मजकूर छापणाऱ्यांची त्यात गैरसोय झाली.

कामाचे दिवस मोजणारे डिफरन्स-इन-बिझनेस-डेज भारतीय बँकांसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. ते सर्व शनिवार-रविवार वगळते, आणि आपल्याकडे १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना फक्त दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुटी असते. गुढीपाडवा किंवा महाराष्ट्र दिन त्याला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. सुट्यांचा तक्ता स्वतः ठेवून दिवस मोजणे, हाच मार्ग उरतो.

लायब्ररी कितीही चांगली असली तरी तिच्या हाती चुकीची तारीख दिली तर ती काय करणार? जावास्क्रिप्टमध्ये ‘२०२५-०४-०१’ अशी नुसती तारीख दिली तर ती जागतिक प्रमाणवेळेनुसार वाचली जाते, म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच. तिच्यापुढे वेळ जोडली की तीच स्थानिक वेळ ठरते. तारीख साठवताना, ती जागतिक प्रमाणवेळेत लिहून देणारे टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरून पहिली दहा अक्षरे कापण्याची सवय तर आणखी घातक आहे. १ एप्रिलला रात्री दोन वाजता कोणी अर्ज भरला तर त्यावर ३१ मार्च उमटते आणि अर्ज आधीच्या आर्थिक वर्षात जातो. यासाठी डेट-एफएनएसचे फॉरमॅट फंक्शन वापरावे, कारण ते स्थानिक तारीख देते.

२०२४ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत कालक्षेत्रांची सोय आली, ही तिच्यातली सर्वांत मोठी भर. सर्व्हर मुंबईत असला तरी गणित न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीनुसार करायला आता सांगता येते. त्यासाठी तिचे टीझेड हे जोड-पॅकेज घ्यावे लागते. हीच गोष्ट टेम्पोरल या जावास्क्रिप्टच्या नव्या अंगभूत तारीख-सुविधेत अधिक नेटकी आहे, कारण तिथे वेळेविना तारीख हा स्वतंत्र प्रकारच आहे आणि वर सांगितलेली साडेपाच तासांची भानगड त्यात उद्भवत नाही. फायरफॉक्स ब्राउझरने टेम्पोरल मे २०२५ मध्ये १३९ व्या आवृत्तीत दिले. जुने फोन आणि जुने ब्राउझर वापरणारे ग्राहक असतील तर मात्र त्यासाठी पॉलिफिल (नसलेली सोय भरून काढणारा जादा कोड) जोडावे लागते, आणि केवळ दोन तारखांमधले दिवस मोजायचे असतील तर तेवढा भार वाहण्यापेक्षा डेट-एफएनएसची एक-दोन फंक्शने मला अधिक परवडतात.