वादग्रस्त विषय: वादविवाद, मतदानी सामना की गोलमेज चर्चा?

इच्छामरणासारखा विषय चर्चेला घ्यायचा ठरला की आधी वक्ते शोधले जातात. पद्धत मग उरलेल्या वेळात बसवली जाते, आणि कार्यक्रम तिथेच फसतो.

ब्रिटिश संसदीय पद्धतीच्या वादविवादात दोन-दोन वक्त्यांचे चार संघ असतात, दोन बाजूने आणि दोन विरोधात. प्रत्येक भाषण सात मिनिटांचं. विषय पंधरा मिनिटं आधी कळतो आणि बाजू आयोजक ठरवून देतात. मांडणीचा सराव हवा असेल तर याला तोड नाही. मात्र विषयाची थेट झळ बसलेली माणसं संघात असतील तर ही पद्धत टाळाच. स्वतःच्याच दुखण्याविरुद्ध कुणाला बोलायला लावण्यात कसली आली तयारी?

मतदानी सामन्यात, म्हणजे ऑक्सफर्ड पद्धतीत, श्रोते आधी आणि नंतर, असं दोनदा मत देतात. ज्या बाजूची टक्केवारी जास्त वाढली ती जिंकते. समजा, सुरुवातीला ४० टक्के बाजूने, ३५ विरोधात आणि २५ कुंपणावर होते. शेवटी ४८ आणि ४७ झाले, उरलेले ५ तसेच राहिले. जास्त मतं बाजूची, पण विजय विरोधकांचा, कारण ते १२ अंकांनी वाढले आणि समोरचे ८ अंकांनीच. पळवाटही इथेच आहे: पक्की मतं असलेले लोक आधी मुद्दाम ‘ठरलेलं नाही’वर खूण करतात. प्रत्येक श्रोत्याच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच क्रमांक छापला तर ही लबाडी थांबत नाही, पण कोण कुठून कुठे सरकलं ते तरी दिसतं.

एकत्र राहायचं, काम करायचं असलेल्या लोकांना निर्णय घ्यायचा असेल तर गोलमेजच. एका टेबलावर सात-आठ जण, सोबत मत न देणारा एक समन्वयक, आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेलं माहितीपत्रक आठवडाभर आधी हातात. अडीच तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. पहिला तास लोक पाठ केलेलंच बोलतात. आयर्लंडमध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर यादृच्छिक निवडीने आलेले ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष २०१६-१७ मध्ये पाच शनिवार-रविवार बसले. त्यांच्या शिफारशींनंतर मे २०१८ मध्ये सार्वमत झालं आणि घटनेतली बंदी हटवण्याच्या बाजूने ६६.४ टक्के मतं पडली. इतका वेळ देणं जमणार नसेल तर निदान निर्णयाची घाई तरी नको.

तिन्ही पद्धतींत खरा घोळ ठरावाच्या शब्दांत होतो. ‘इच्छामरण योग्य की अयोग्य?’ असं विचारलं की अर्धं सभागृह व्हेंटिलेटर काढण्याबद्दल बोलतं आणि उरलेलं प्राणघातक इंजेक्शनबद्दल. त्याऐवजी असं लिहा: ‘असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यातल्या सज्ञान रुग्णाला डॉक्टरांच्या मदतीने मृत्यू निवडण्याचा कायदेशीर हक्क असावा.’ कोण, कधी, कुणाच्या मदतीने हे एकाच वाक्यात आलं पाहिजे. मग ते वाक्य चार परक्या माणसांना वाचायला द्या आणि त्यांना काय कळलं ते विचारा. चौघांची उत्तरं जुळेपर्यंत तारीख जाहीर करू नका.