बफेलो बिल म्युझियम, लुकआउट माउंटन: आई-बाबांना घेऊन जाच

आई-बाबा आलेत पुण्याहून, तर मागच्या शनिवारी त्यांना घेऊन गेलो. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून अर्धा-पाऊण तास, पण शेवटचा घाट नुसता वळणावळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी आवळा सुपारी जवळ ठेवा. म्युझियम छोटं आहे, तरी आमचे दोन तास कसे गेले कळलं नाही.

बफेलो बिल म्हणजे विल्यम कोडी, अमेरिकन आर्मीचा स्काउट, म्हणजे पुढे जाऊन टेहळणी करणारा वाटाड्या. त्याच्यावर स्वस्तातल्या कादंबऱ्या निघाल्या, नाव झालं आणि १८७२ मध्ये शिकागोला हा पठ्ठ्या थेट स्टेजवर उभा राहिला, रोल कुठला तर स्वतःचाच! मग १८८३ पासून त्याचा वाइल्ड वेस्ट शो, खरे काउबॉय, खरे बायसन, १८८७ ला तर लंडनला राणी व्हिक्टोरियासमोर खेळ केला. त्या शोची पोस्टर्स निवांत बघा, फिल्मस्टार हा प्रकारच नव्हता तेव्हा आणि याचा चेहरा भिंतीभिंतीवर. शोमधली ॲनी ओकली नेम धरून पत्त्यांना भोकं पाडायची, आणि फुकट पासलाही भोक पाडलेलं असायचं म्हणून लोक त्या पासलाच 'ॲनी ओकली' म्हणायला लागले, म्हणजे केवढी फेमस असेल बघा ती.

मला सगळ्यात भिडलं ते सिटिंग बुलचं, म्हणजे लाकोटा या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या नेत्याचं धनुष्य. काचेला नाक लावून बघत होते मी. त्याच्या लोकांनी अमेरिकन आर्मीला हरवलं ती लिटल बिगहॉर्नची लढाई १८७६ ची, आणि १८८५ मध्ये तोच नेता या शोमध्ये, काही गावांत लोक त्याची हुर्यो उडवायचे. पगार आठवड्याला ५० डॉलर, शिवाय स्वतःचे फोटो आणि सह्या विकायचा हक्क त्याने करारात स्वतःकडे ठेवून घेतला होता. बाबा म्हणाले, "अगं, आपल्या चेहऱ्याची किंमत त्याला तेव्हाच कळली होती." इतकं सगळं गेलं होतं त्या माणसाचं आणि निदान चेहरा तरी त्याने दुसऱ्याला विकू दिला नाही, मला खरंच भरून आलं.

कोडी जानेवारी १९१७ मध्ये डेन्व्हरला वारला, दफन जूनमध्ये झालं, कबर म्युझियमजवळच आहे. कुंपणाच्या आत लोकांनी टाकलेली नाणी पडलेली असतात. आईने पर्समधून एक रुपया काढून टाकला आणि हात जोडले.

उन्हाळ्यात सकाळीच जा, दुपारी वर ढग जमतात.