आयएलडी आणि पल्मनरी रिहॅब: सात महिन्यांचा हिशोब

आयएलडी म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन किंवा वण पडून ती कडक होण्याचे आजार, आणि पल्मनरी रिहॅब म्हणजे अशा पेशंटना देखरेखीखाली करून घेतलेला व्यायाम. आधीच सांगते, रिहॅबने फुप्फुसं बरी होतात असं वाटून कुणी वाचत असेल तर तसं काही होत नाही. सुरू केलं तेव्हा माझी एफव्हीसी (पूर्ण श्वास भरून जोरात किती हवा सोडता येते त्याचं माप) ६१ टक्के होती, आता ६० आहे. सीटीतले डागही जिथल्या तिथे. पण फेब्रुवारीत डोंबिवली स्टेशनचा जिना मी तीनदा थांबून चढायचे, कठडा धरून, मागची माणसं वैतागायची, आता एकदाच थांबते. फरक एवढाच आणि माझ्या लेखी तो खूप आहे.

माझं वय ६१, शाळेतून रिटायर झालेली. आजार हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून गेलेल्या कबुतरांच्या विष्ठेसारख्या गोष्टींची फुप्फुसांना ॲलर्जी, आणि माझा फायब्रोसिसवाला, म्हणजे वण पडलेला. आमच्या किचनमागच्या डक्टमध्ये कबुतरांचा वर्षानुवर्षं संसार, आणि दर दिवाळीला मीच तोंडाला पदर लावून ती घाण खरवडायचे. दीड वर्ष दमा समजून पंप ओढला, खोकला होता तसाच, मग एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) झाला तेव्हा कुठे कळलं. डॉक्टर म्हणाले, भारतातल्या २७ सेंटरच्या १०८४ आयएलडी पेशंटचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आलाय, त्यात ४७ टक्के लोकांना हाच प्रकार निघाला, म्हणजे मी काही जगावेगळी नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून राडा झाला तेव्हा आम्ही टीव्हीसमोरच होतो, हे एकदा माझ्याकडे बघून गप्प बसले. नाहीतर एरवी बातम्यांवर मत दिल्याशिवाय यांना जेवण जात नाही.

आता मूळ मुद्दा. पहिल्यांदा मी चुकीच्या ठिकाणी गेले. घराजवळ एक फिजिओथेरपीवाले आहेत, नाव नको, त्यांनी ते श्वास ओढून बॉल वर उचलायचं तीन बॉलचं यंत्र हातात दिलं, दिवसातून पन्नास वेळा ओढा म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी ट्रेडमिलवर चढवलं. ऑक्सिमीटर लावला होता तो बसलेली असताना, ९६ आलं, "मस्त आहे" म्हणाले आणि काढून ठेवला. चार मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी. ओठ निळे पडले होते असं हे सांगतात, मला आठवत नाही. आमच्या आजाराची गोम इथेच आहे. बसल्यावर सगळं छान दिसतं, चालायला लागलं की ऑक्सिजन धाडकन खाली येतो, कारण फुप्फुसांच्या जाड झालेल्या पडद्यातून तो रक्तात पोचायला वेळ लागतो आणि चालताना रक्ताला तेवढा वेळच नसतो. त्यामुळे बसून घेतलेलं रीडिंग आयएलडीवाल्याने फारसं मनावर घेऊ नये. (नेलपॉलिश असेल तर काढा, बोट गार असेल तर चोळा, त्यानेही आकडा चुकतो.)

मग छातीच्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलच्या प्रोग्रॅमला पाठवलं. आठ आठवडे, आठवड्याला तीनदा. सुरुवातीला सहा मिनिटं चालायची टेस्ट, ३० मीटरचा पॅसेज, दोन टोकांना दोन कोन, मध्ये कुणी गप्पा मारायच्या नाहीत, टेस्ट घेणारी फिजिओ मुलगी फक्त मिनिटामिनिटाला ठरलेलं वाक्य बोलते. मी २८२ मीटर चालले, ऑक्सिजन ९५ वरून ८२. म्हणून पुढचा सगळा व्यायाम नाकात नळी लावून, ८८ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. मला लाज वाटायची नळीची. पहिल्या आठवड्यात ओळखीच्या एक बाई लिफ्टमध्ये भेटल्या तर मी पदराने झाकली. आता नाही झाकत.

व्यायाम तसा साधाच. दोन मिनिटं चाल, एक मिनिट थांब. खुर्चीतून हात न टेकता ऊठबस. रबराचा पट्टा ओढणं, छोटे डंबेल्स. स्टेरॉइडने माझ्या मांड्यांतली ताकदच गेली होती आणि मी सगळा दोष फुप्फुसांना देत होते! पायात जोर आला की तेच काम कमी दमात होतं, हे मला पाचव्या आठवड्यात पटलं. दम किती लागला ते ० ते १० मध्ये सांगायचं, ३-४ च्या आसपास ठेवायचं. मला आकडे सांगता येईनात तर ती म्हणाली, काकू, चालता चालता पाढा म्हणा. सतराचा धरला. पहिल्या दिवशी सतरा दुणे चौतीसलाच तोंड बंद. शेवटच्या आठवड्यात सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत एका दमात!

सगळ्यात उपयोगी पडलं ते मात्र आंघोळीचं. प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं, वाकताना आणि तांब्या उचलताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही, आणि अंग पुसत बसण्यापेक्षा सरळ मोठा टॉवेल गुंडाळून पाच मिनिटं बसून राहायचं. केस धुताना हात वर गेले की मला सगळ्यात जास्त धाप लागते, म्हणून ते आता सूनबाई आली की. मेणबत्ती विझवल्यासारखं फुंकर घालत श्वास सोडायलाही शिकवलं, घाबरायला होतं तेव्हा बरं वाटतं त्याने, बाकी मला फार फरक नाही जाणवला.

आठ आठवड्यांनी परत टेस्ट, पहिल्यासारखीच बिननळीची, ३३१ मीटर. डॉक्टर म्हणाले अभ्यासांमध्ये सरासरी ४० मीटरच्या आसपास वाढ दिसते, तुमची चांगलीये. मी पेढे वाटले. मग जूनमध्ये व्हायरल झालं, पाच आठवडे घरात पडून, ३०० वर आले. आता ३१८. म्हणजे हे औषधाचा कोर्स संपवल्यासारखं नाही, सोडलं की जातं. निंटेडॅनिब, म्हणजे वण वाढायचा वेग कमी करणारं औषध, तेही चालू आहे, त्याने पोट बिघडतं त्या दिवशी व्यायामाला सुट्टी, त्यावर जास्त लिहीत नाही.

खर्च एका सेशनला ७०० रुपये, चोवीस सेशनचे १६,८००. इन्शुरन्सवाल्यांनी ओपीडी म्हणून एक रुपया दिला नाही, दोन पत्रं लिहिली, उत्तर एकच. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं घरचं मशीन) भाड्याने आहे, पाच लिटरवाला, तो उचलून कुठे नेता येत नाही. खांद्याला लटकवायचं पोर्टेबल मशीन घ्यायचं मनात असेल तर ते लावून आधी चालून बघा, कारण बऱ्याच मशीनमध्ये श्वास ओढला की झोत येतो, त्यावरचा २ म्हणजे घरच्या मशीनचे २ लिटर नव्हेत. आम्ही दुकानातच दहा मिनिटं चाललो, ८४ झालं, नमस्कार करून परत आलो.

कुठे नाव घालणार असाल तर फोनवरच विचारा, चालताना ऑक्सिमीटर बोटालाच ठेवतात का आणि व्यायामाच्या जागी ऑक्सिजन असतो का. "गरज नाही पडत" असं उत्तर आलं तर जाऊ नका.

डक्टला जाळी मेमध्ये बसली. अर्धे पैसे सोसायटी देणार होती, ते अजून यायचेत.