घरगुती पाइप गॅस: ज्योत उत्तम, पण विक्रेता निवडायची सोय नाही

मुंबई-ठाण्यात महानगर गॅस, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये एमएनजीएल. पाइप गॅस घ्यायचा ठरवला की आपल्या भागात एकच नाव समोर येतं. इंधन म्हणून हा गॅस सिलिंडरपेक्षा सरस आहे, हे आधीच सांगून टाकतो. सिलिंडर ऐन वेळी संपण्याची धास्ती नाही, जिन्यातून चढवायची कटकट नाही, पैसे वापरल्यानंतर द्यायचे आणि वीज गेली तरी शेगडी पेटते. पण ज्याच्याकडून घ्यायचा त्याला पर्याय नाही, म्हणून जोडणी घेणाऱ्याने दोन-चार गोष्टी स्वतःच नीट पाहून घ्यायला हव्यात.

रस्त्याखालच्या प्लास्टिकच्या वाहिनीत साधारण 4 बार दाबाने गॅस येतो. इमारतीच्या पायथ्याशी असलेला रेग्युलेटर तो 100 मिलिबारवर आणतो आणि मीटरजवळचा छोटा रेग्युलेटर 21 मिलिबारवर. सिलिंडरचा रेग्युलेटर 30 मिलिबारने गॅस सोडतो. शिवाय एक घनमीटर नैसर्गिक वायूत एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी उष्णता असते. त्यामुळे तीच शेगडी चालते, पण तिची जेट (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या) मोठ्या भोकाची करावी लागतात. जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञ ती बदलतो किंवा त्यांचं भोक वाढवतो. त्या वेळी समोर उभं राहून प्रत्येक बर्नर पूर्ण आणि मंद, दोन्हींवर पेटवून पाहा. ज्योत निळी आणि बर्नरला धरून हवी. ती पिवळी असेल तर हवा कमी पडतेय, बर्नर सोडून वर उचलली जात असेल तर हवा किंवा दाब जास्त आहे. ‘पाइप गॅसवर स्वयंपाक हळू होतो’ ही तक्रार सर्रास ऐकू येते, तिच्यामागे बहुतेक वेळा एखादं जुनं, लहान भोकाचं राहून गेलेलं जेट असतं. याच्या उलटा प्रकार धोक्याचा आहे. घर बदललं, नव्या जागी पाइप गॅस नाही म्हणून तीच शेगडी सिलिंडरला लावली, तर मोठ्या जेटमधून भसाभस गॅस येतो, उंच पिवळी ज्योत उठते आणि भांडी काळी पडतात. शेगडी सिलिंडरला जोडण्याआधी जेट बदलायलाच हवीत.

नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, एलपीजी जड. गळती झाली तर एलपीजी ओट्याखाली साठतो, हा मात्र छताकडे जातो. म्हणून हवा खेळायची जागा वरच्या बाजूला लागते. मॉड्युलर किचनमध्ये नेमकी इथेच गफलत होते: मीटर आणि कॉक कपाटात कोंडतात, पाइप फॉल्स सीलिंगच्या वर नेतात. दिसायला छान, पण सांध्यातून जरासा गॅस सुटला तरी तो तिथेच साठणार. कपाट हवंच असेल तर दाराला जाळी लावा आणि कॉकपर्यंत हात सहज पोहोचेल असं पाहा. सांधे तपासायचे ते साबणाच्या फेसाने, काडी पेटवून कधीच नाही. शेगडीची रबरी नळी पोलादी जाळीची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. गॅस गीझर जोडायचा असेल तर तो नैसर्गिक वायूसाठीच बनवलेला आहे ना, हे आधी बघा. घरगुती जी 1.6 मीटरमधून ताशी जास्तीत जास्त 2.5 घनमीटर गॅस जातो. मध्यम गीझर आणि शेगडी त्यात भागतात. बंद न्हाणीघरात मात्र गीझर नको, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

आता पैशाचं बोलू. 14.2 किलोच्या सिलिंडरमधली उष्णता साधारण 17 ते 18 घनमीटर पाइप गॅसइतकी असते. तेव्हा बिलावरचा दर 17.5 ने गुणा आणि आलेला आकडा सिलिंडरच्या भावाशेजारी ठेवा. समजा दर 50 रुपये आहे, तर सिलिंडरमागे 875 रुपये पडले. ही तुलना जाहिरातीत नव्हे, घरी करावी, कारण दोन्ही भाव बदलत राहतात आणि करही वेगळे आहेत: घरगुती सिलिंडरवर जीएसटी, तर नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर असल्याने त्यावर राज्याचा व्हॅट. महाराष्ट्राने हा व्हॅट 1 एप्रिल 2022 पासून 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला. आजवर ग्राहकाला मिळालेला सर्वांत स्पष्ट दिलासा हाच, आणि तो स्पर्धेतून नव्हे, सरकारी निर्णयातून आला.

बिल बहुधा दोन महिन्यांचं असतं. घर बंद सापडलं की अंदाजे आकडा लावतात आणि पुढच्या वेळी सगळा फरक एकदम येतो. मीटरचा फोटो काढून आकडा ॲपवर टाकला की हा घोळ टळतो. फोटोत काळे अंक घ्यायचे, लाल अंक दशांशाचे.

आता मूळ दुखणं. 2006 च्या पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ कायद्यात कल्पना चांगली होती: कंपनीला वाहिन्या टाकण्यासाठी काही वर्षं एकाधिकार द्यायचा, मग त्याच वाहिन्यांतून इतरांनाही गॅस विकू द्यायचा. मुंबईत विक्रीच्या एकाधिकाराची मुदत दशकभरापूर्वीच संपली, तरी स्वयंपाकघरापर्यंत दुसरा विक्रेता पोहोचलेला नाही. 2020 मध्ये मंडळाने वाहिन्या खुल्या करण्याचे नियम आणले, ते कोर्टकज्ज्यात अडकले. त्याआधी 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या इंद्रप्रस्थ गॅस या वितरक कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं होतं की शहरी वितरकाचा किरकोळ भाव ठरवण्याचा अधिकार मंडळाला नाही. म्हणजे भावावर नियामकाचाही लगाम नाही आणि प्रतिस्पर्ध्याचाही. उरतो तो फक्त सिलिंडरचा धाक.

ब्रिटनने वाहिनी आणि विक्री वेगळी केली. 1996 मध्ये नैऋत्य इंग्लंडमध्ये चाचणी घेऊन 1998 पर्यंत प्रत्येक घराला विक्रेता निवडायची मुभा दिली. विक्रेता बदलला तरी पाइप तोच, मीटर तोच, फक्त बिलावरचं नाव बदलतं. पण तिथेही सगळं गोड नाही. विक्रेता कधीच न बदलणाऱ्यांना चढे भाव लागत राहिले, म्हणून 1 जानेवारी 2019 पासून दराला कमाल मर्यादा आली. 2021 मध्ये घाऊक भाव भडकल्यावर, पुढच्या पुरवठ्याचे सौदे आधी करून न ठेवलेल्या दोन डझनांहून अधिक विक्रेत्या कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांचा गॅस बंद पडला नाही, नियामकाने त्यांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवलं. खर्च मात्र सगळ्यांच्या बिलांत वाटला गेला.

तिथली एक गोष्ट लगेच उचलण्यासारखी आहे. ब्रिटनमधलं बिल घनमीटरवर थांबत नाही. मीटरचा आकडा गुणिले 1.02264 (तापमान आणि दाबासाठीचा सुधारणांक) गुणिले गॅसचं उष्मांक मूल्य (एका घनमीटरमधली उष्णता), भागिले 3.6, असं करून किलोवॉट-तास काढतात आणि हे सगळे आकडे बिलावर छापतात. गॅस गरम झाला की फुगतो. 30 अंशांवर, 21 मिलिबार दाबाने मोजलेला एक घनमीटर प्रमाण स्थितीत (15 अंश, साधा हवेचा दाब) सुमारे 3 टक्के कमी भरतो. आपल्या हवेत हा फरक नगण्य नाही. ग्राहकाला उष्णता हवी असते, आकारमान नव्हे. तेव्हा आपल्या बिलात सुधारणांक लावला आहे का आणि उष्मांक किती धरला आहे, हे कंपनीला लेखी विचारा.

नुसत्या वाहिन्या खुल्या केल्याने घरगुती ग्राहकाचं भलं होईल, असं मात्र वाटत नाही. घरांसाठीचा स्वस्त देशी गॅस वितरक कंपनीच्या नावाने वाटला जातो. त्याच्या भावाचं सूत्र एप्रिल 2023 मध्ये बदललं: भारत आयात करत असलेल्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या 10 टक्के, सुरुवातीची कमाल मर्यादा दर एमएमबीटीयूला (उष्णता मोजायचं एकक) 6.5 डॉलर. नव्या विक्रेत्याला हा वाटा मिळाला नाही, तर त्याला आयात केलेला महाग एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) आणावा लागेल आणि तो पहिल्याच महिन्यात हरेल. स्वस्त गॅसचा वाटा ग्राहकाच्या नावाने असावा, ग्राहक ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे तो जावा. एवढी एक दुरुस्ती झाली तर बाकीच्या नियमांना अर्थ येईल. तोवर वाहिन्या खुल्या झाल्याचा फायदा आधी मिळेल तो हॉटेलं आणि कारखान्यांना, कारण त्यांना तसाही बाजारभावाचाच गॅस घ्यावा लागतो.

जोडणी घ्यायची की नाही? रोजचा स्वयंपाक घरी होत असेल आणि इमारतीत राइजर (मजल्यांवर चढणारा मुख्य पाइप) आलेला असेल, तर जरूर घ्या. अनामतीची पावती जपून ठेवा, घर सोडताना शेवटच्या आकड्याचा फोटो काढून लेखी अर्ज द्या आणि अनामत परत मागा. कंपनीने दाद दिली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.