बलेनो, ३४ हजार किलोमीटर आणि इन्शुरन्सचा हिशोब

मार्च २०२३ मध्ये बलेनो घेतली, झीटा पेट्रोल मॅन्युअल. आता तीन वर्षं व्हायला आली आणि ३४ हजार किलोमीटर झालेत. ऑफिसात, नातेवाईकांत ज्याला ज्याला गाडी घ्यायचीये तो विचारतो कशी आहे, मायलेज किती, इन्शुरन्स कुठून काढला, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय. गाडीबद्दल थोडं आणि इन्शुरन्सबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण गाडीचे व्हिडिओ ढिगाने मिळतात पण पॉलिसीचा कागद कोणी उलगडून सांगत नाही.

आधी गाडी. आमच्या यादीत तीन होत्या, बलेनो, आय२० आणि अल्ट्रोझ. अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टचे ५ स्टार २०२० पासूनच होते आणि तिची दारं पूर्ण ९० अंशात उघडतात, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे त्यामुळे मला ती फार आवडली होती. नवऱ्याला आय२०. शेवटी बलेनो ठरली ती मागच्या सीटवरच्या जागेमुळे आणि इंजिनामुळे. ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, ९० पीएस, आणि गाडी हलकी असल्यामुळे ते पुरून उरतं. गावात १६-१७ चं मायलेज मिळतं, हायवेला ८०-९० च्या स्पीडने गेलं की २१-२२, आणि हे मी टाकी फुल करून मोजलेलं आहे, डिस्प्लेवरचा आकडा नाही. टाकी ३७ लिटरची आहे. डिकी ३१८ लिटर, चार जणांचं चार दिवसांचं सामान बसतं, फक्त डिकीची कड उंच आहे त्यामुळे जड बॅग उचलून आत टाकावी लागते. एजीएसची (क्लच नसलेली ऑटोमॅटिक) टेस्ट ड्राइव्ह घेतली होती, पण तिच्यात गिअर बदलताना जो हलका झटका जाणवतो तो मला नको होता. ज्यांना रोज ट्रॅफिकमध्ये दीड तास जातो त्यांनी ती जरूर चालवून बघा, डाव्या पायाला आराम आहे.

झीटाच का, तर तेव्हा ६ एअरबॅग झीटा आणि अल्फामध्येच होत्या, खालच्या दोन व्हेरियंटमध्ये २. त्यावर मी अडून बसले. ३६० कॅमेरा आणि हेडअप डिस्प्लेसाठी अल्फाला जायचं मन होत होतं पण ते पैसे मी इन्शुरन्सच्या ॲड-ऑनवर, म्हणजे जास्तीच्या कव्हरवर घातले आणि त्याचा मला आनंदच आहे. आता ६ एअरबॅग सगळ्याच व्हेरियंटला आल्यात आणि २०२५ मध्ये भारत एनकॅपने बलेनोला मोठ्यांसाठी ४ आणि मुलांसाठी ३ स्टार दिलेत. आमच्या ऑनरोड किमतीचा आकडा मुद्दाम देत नाही, कारण तेव्हा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर तो १८ झालाय.

आता डीलर. कोटेशनच्या कागदावर इन्शुरन्ससमोर साडेअडतीस हजार लिहिलेले होते, कुठली कंपनी, कुठले कव्हर, काही नाही, नुसता आकडा. मी म्हटलं ब्रेकअप द्या, तर सेल्सवाला म्हणे मॅडम बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही. हे खरं नाही. कॅशलेस (म्हणजे दुरुस्तीचं बिल इन्शुरन्स कंपनी थेट वर्कशॉपला देते) मिळतं की नाही ते वर्कशॉपचं तुमच्या इन्शुरन्स कंपनीशी टायअप आहे का यावर ठरतं, पॉलिसी कोणी विकली यावर नाही, आणि डीलरकडूनच घ्या असं कायदा कुठेही म्हणत नाही. मी दोन कंपन्यांच्या वेबसाइटवर त्यांच्या गॅरेजची यादी बघितली, आमचं वर्कशॉप दोन्हीत होतं. तशीच पॉलिसी, तेवढीच आयडीव्ही (इन्शुरन्समध्ये धरलेली गाडीची किंमत), तेच ॲड-ऑन, एकोणतीस हजारांच्या आत मिळत होती. तो आकडा मोबाईलवर दाखवल्यावर डीलरनेही एकतीसला आणली, पण तोपर्यंत माझा विश्वास उडाला होता. पैसे पूर्ण भरायच्या आधी गाडी बघायला मागितली तेव्हाही टाळाटाळ झाली आणि हट्टाने बघितल्यावर कळलं की अलॉट केलेली गाडी पाच महिन्यांपूर्वी बनलेली होती. बदलून घेतली. चेसिस नंबर आणि बनल्याचा महिना बघितल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका हो, रजिस्ट्रेशन झाल्यावर कोणी ऐकत नाही.

तुलना करताना एक गोष्ट फार महत्त्वाची, आयडीव्ही सारखी ठेवा. काही ठिकाणी प्रीमियम स्वस्त दिसतो कारण आयडीव्हीच खाली आणलेली असते, म्हणजे गाडी चोरीला गेली की मिळणारी रक्कमच कमी. नव्या गाडीला ती शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणाऱ्या भागाचा दर तर सगळीकडे एकच, १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला ३ वर्षांचे १०,६४० आणि वर जीएसटी, त्यात कोणी स्वस्त देऊच शकत नाही, फरक पडतो तो ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान) आणि ॲड-ऑनमध्ये. आणि लक्षात ठेवा, ३ वर्षं ती फक्त थर्ड पार्टीची. ओन डॅमेज बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. माझ्या मावसभावाला वाटत होतं ३ वर्षांचा इन्शुरन्स आहे आपला, आणि सात महिने तो ओन डॅमेजशिवाय गाडी चालवत होता.

आता जे मला डीलरने सांगितलं नाही ते. नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेज प्रीमियमवर मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. माझ्या नावावर आधीची जुनी छोटी गाडी होती, एकही क्लेम नव्हता, ५० टक्के एनसीबी झालेला. ऑफिसमधल्या एका सरांनी सांगितलं म्हणून ती गाडी विकल्यावर जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेतलं आणि ते बलेनोच्या पॉलिसीला लावलं, ओन डॅमेजचा प्रीमियम निम्मा झाला. हे पत्र ३ वर्षं चालतं. जुनी गाडी एक्स्चेंजला देणारे कितीतरी लोक हा बोनस असाच सोडून देत असतील याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिल्याच वर्षी सोसायटीच्या गेटला मागचा बंपर घासला. वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न, क्लेम टाकायचा ना मॅडम, झीरो डेप आहे तुमचं. झीरो डेप म्हणजे क्लेममध्ये पार्टच्या जुनेपणाची कपात न करणारं ॲड-ऑन. पेंटचा खर्च ४,२०० सांगितला. घरी येऊन वही काढली. क्लेम केला की पुढच्या वर्षी एनसीबी ५० वरून शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं करत ५० ला यायला पाच वर्षं. म्हणजे दरवर्षी हुकणारी सूट ५०, ३०, २५, १५ आणि ५, बेरीज १२५ टक्के, थोडक्यात सव्वा वर्षाचा ओन डॅमेज प्रीमियम. तो माझा सवलतीआधी नऊ हजारांच्या आसपास होता, म्हणजे अकरा हजारांचं नुकसान सोसून ४,२०० वाचवायचे. अर्थातच खिशातून भरले. क्लेम केला तरी बोनस टिकवणारं एनसीबी प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन मिळतं, ज्यांचा बोनस ४५-५० ला पोचलाय त्यांनी ते घ्यावं, मी तेव्हा घेतलं नव्हतं आणि ती चूकच झाली.

कारण ऑगस्ट २०२४ मध्ये सिग्नलला एका टेम्पोने रिव्हर्स घेताना पुढून धडक दिली. पुढचा बंपर, हेडलॅम्प, फेंडर. चूक पूर्ण त्याची होती पण त्याच्या थर्ड पार्टीतून पैसे मागायचे तर मोटार अपघात ट्रिब्युनलची पायरी चढावी लागते, तेवढा वेळ कोणाकडे आहे. बिल ३१ हजार. इथे मात्र हिशोब उलटा, क्लेम केला. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टचे ५० टक्के कापतात, बंपर आणि लॅम्प दोन्ही त्यातच येतात, त्यामुळे झीरो डेप नसतं तर दहा हजारांच्या वर माझ्याकडून गेले असते. गेले १,००० कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममधला आपण भरायचाच वाटा) आणि क्लिपा-स्क्रूचे सातशे-आठशे. नुकसान तपासणारा सर्व्हेयर दुसऱ्या दिवशी आला, गाडी नवव्या दिवशी मिळाली, अधेमधे रोज फोन मलाच करावे लागले. बंपर काढायच्या आधी सर्व्हेयरला दाखवायचा असतो, वर्कशॉपवाले घाईत सुरुवात करायला निघाले होते, ते मी थांबवलं.

इंजिन प्रोटेक्ट मी दरवर्षी घेते आणि घेत राहणार. पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही परत स्टार्टर मारला की पाणी इंजिनात ओढलं जातं, रॉड वाकतात, आणि साधी पॉलिसी ते नाकारते. ॲड-ऑन असलं तरी बंद पडलेल्या गाडीला चावी लावू नका, ढकलून बाहेर काढा आणि टो बोलवा. पहिली ३ वर्षं रिटर्न टू इन्व्हॉइसही (चोरी झाली तर बिलाची पूर्ण किंमत देणारं ॲड-ऑन) घेतलं, कारण महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स भरतो आपण आणि चोरी झाली तर आयडीव्हीत तो धरलेला नसतो. चावीचं कव्हर, टायरचं कव्हर हे मी काढून टाकलं. १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर नवऱ्याचं आणि माझं आधीपासून आहे, ते दाखवलं की परत घ्यावं लागत नाही.

आता मार्चमध्ये थर्ड पार्टीची ३ वर्षं संपतायत, रिटर्न टू इन्व्हॉइसही बहुतेक इथेच थांबेल. एनसीबी यंदा २० ला येईल. रिन्युअलचे फोन दीड महिना आधीच सुरू झालेत, पण मी तीन कोटेशन समोर ठेवून, सगळ्यांत आयडीव्ही सारखी करून मगच ठरवणार, आणि तारखेच्या आत भरणार, कारण ९० दिवसांच्या वर खंड पडला तर आता कुठे परत जमायला लागलेला तो २० टक्केही जातो.